पोलादपूर लिहिता येते, महाड येत नाही

महाड आणि पोलादपूर ही सावित्रीच्या काठची, तालुक्याची दोन शेजारगावे. दोन्ही नावे रोमन लिपीत लिहिली की दोहोंत एकच ‘डी’ येतो. महाडातला ड मूर्धन्य आहे, पोलादपुरातला द दंत्य. इथल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. परक्या माणसाला मात्र महामार्गावरची रोमन पाटी वाचून तो कळण्याची सोय नाही. तो खुशाल ‘महाद’ म्हणतो आणि पुढे ‘पोलाडपूर’ही म्हणतो. ह्यावर आपण हसतो. हसणे सोपे आहे, कारण चूक त्याची आहे असे आपण धरून चालतो. आपण स्वतः मराठी लिहिताना दिवसातून शंभरदा ह्याच ‘डी’तून वाट काढत असतो आणि ड की द हे एका अदृश्य यंत्रणेवर सोपवून देतो, ह्याची आठवण तेवढ्यापुरती आपल्याला नसते.

हे सुचण्याचे निमित्त असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, पाळी संपल्यावर कथा लिहितो आणि बऱ्या लिहितो. त्याने गेल्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून एक बिनतारी, आटोपशीर, यांत्रिक कळफलक आणला आणि कौतुकाने दाखवायला घेऊन आला. वस्तू खरोखर देखणी होती. नेहमीच्या १०४ कळांच्या जागी ६१ कळा. उजवीकडची अंकपट्टी गेलेली, वरची एफ-कळांची ओळ गेलेली, बाणांच्या कळाही गेलेल्या. ह्या गेलेल्या कळा ‘एफएन’ नावाची कळ दाबून आडवाटेने मिळतात. प्रत्येक कळेखाली स्वतंत्र खटका. तो चिमट्याने उपटून दुसरा बसवता येतो, म्हणजे ज्याला टकटक हवी त्याने निळा घ्यावा, ज्याला शांतता हवी त्याने लाल. ब्लूटूथवरून तो तीन यंत्रांशी ओळख ठेवतो. एक कळ दाबली की संगणकावरून फोनवर. कळांच्या टोप्या जाड प्लॅस्टिकच्या, अक्षरे वर्षानुवर्षे न पुसणारी. आणि त्या टोप्यांवर रोमन अक्षरांच्या जोडीला कोपऱ्यात नाजूक जपानी काना छापलेले होते. महाडात, जपानी येत नसलेल्या माणसाच्या हातात. शोभा म्हणून.

मी विचारले, “ह्यावर मराठी कसे लिहितोस?” तो म्हणाला, “सर, इंग्लिशमध्ये टाईप करतो, ते आपोआप मराठी होतं.”

माझे भांडण त्या मुलाशी नाही. ते ‘आपोआप’ ह्या शब्दाशी आहे, आणि तो शब्द ज्यांनी त्याला शिकवला त्या आपणा सर्वांशी, म्हणजे मराठीच्या अध्यापकांशी, संपादकांशी आणि लेखकांशी आहे. कळफलक ही ‘तांत्रिक बाब’ आहे, तिचा साहित्याशी काय संबंध, असे मानण्याची एक प्रतिष्ठित सवय आपल्याला लागली आहे. बोरूची, टाकाची, शाईची आठवण निघाली की आपण हळवे होतो; टंकलेखनयंत्रावर लिहिणाऱ्या परदेशी कादंबरीकारांची छायाचित्रे भिंतीवर लावतो. आपल्या स्वतःच्या बोटांखाली काय चालले आहे ह्याची चौकशी मात्र आपण संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे सोपवतो.

मुळात एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. कळफलक अक्षर पाठवतच नाही. तो ‘अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली’ एवढीच वर्दी संगणकाला देतो. त्या क्रमांकाचा ‘के’ करायचा, ‘क’ करायचा की जपानी ‘का’, हे संगणक ठरवतो, आणि त्याला ते आपण सांगायचे असते. म्हणजे रोमन लिपी कळफलकात कुठेच नाही. ती केवळ टोपीवरच्या रंगात आहे. ती टोपीही ह्या नव्या कळफलकांत बोटाने उपसून बदलता येते. इतका निर्लिप्त कळफलक मराठी माणसाच्या हाती यापूर्वी कधी आला नव्हता.

पूर्वीची गोष्ट वेगळी होती. टंकलेखनयंत्राच्या पोटात खरोखरच जागा नव्हती. पन्नासच्याही आतल्या कळा, प्रत्येकीवर दोन खुणा, म्हणजे शंभराच्या आतले ठसे. त्यात सारी बाराखडी, सारी जोडाक्षरे कोंबायची. म्हणून अक्षरांचे तुकडे झाले. अर्धा प वेगळा आणि त्याचा काना वेगळा; पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर आधी दिसते, म्हणून ती आधी मारायची. सावरकरांनी अ-च्या बाराखडीचा आग्रह धरला, ‘अि, अी, अु’ असे लिहावे म्हटले, त्यामागेही लिपी छपाईच्या आणि टंकाच्या यंत्राला पेलावी हा विचार होता. तो आग्रह पटो न पटो, अडचण खरी होती. गोदरेजने १९५५ साली पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले; शिरवळच्या कारखान्यातले उत्पादन २००९ साली थांबले. यंत्र गेले, पण त्याची मांडणी गेली नाही. टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणारी आपल्या गावांतली मुले आजही मुख्यतः त्या रेमिंग्टन वळणावरच बोटे घासतात, कारण लिपिकाच्या नोकरीला मिनिटाला तीस मराठी शब्दांचे प्रमाणपत्र लागते.

ह्याला पर्याय कधीच तयार झाला होता. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती समाविष्ट झाली. ती आज प्रत्येक प्रमुख संगणकप्रणालीत फुकट बसवलेली असते. मराठीच्या वर्गात ती मी दाखवतो तेव्हा मुले प्रथम कंटाळतात आणि मग थबकतात. कारण ही मांडणी म्हणजे बोटांवर उतरवलेला वर्णविचार आहे. डावा हात स्वरांचा, उजवा मुख्यतः व्यंजनांचा. मधल्या ओळीत प, क, त, च, ट हे अघोष. त्यांच्या नेमके वरच्या ओळीत ब, ग, द, ज, ड हे घोष. शिफ्ट दाबली की अल्पप्राणाचा महाप्राण होतो: क चा ख, ग चा घ, त चा थ. डाव्या हाताला ह्रस्व वेलांटी आणि उकार खाली, दीर्घ त्यांच्या डोक्यावर. शिफ्टबरोबर मात्रेचा स्वर होतो. घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण ह्या संज्ञा आपण भाषाविज्ञानाच्या तासाला फळ्यावर तक्ता काढून शिकवतो आणि परीक्षेनंतर विसरू देतो. त्या तक्त्यावर रोज बोटे फिरवता येतात हे मात्र शिकवत नाही.

ह्या मांडणीत ‘महाड’ चार कळांत होतो: म, ह, काना, ड. ‘पोलादपूर’ आठांत. ड ची कळ म्हणजे रोमन कळफलकावरचा उघडणारा चौकटी कंस. त्या ओळीचे उजवे टोक. आता इथे ‘आटोपशीर’पणाची खरी परीक्षा आहे. साठ टक्क्यांच्या कळफलकावर ही कळ शाबूत असते, त्यामुळे मराठीचे काही अडत नाही. परंतु हौस ह्याच्याही पुढे गेली आहे. चाळीस टक्क्यांचे म्हणून जे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस कळांचे चिमुकले फळे मिळतात, त्यांत आकड्यांची ओळ जाते आणि कंसांच्या कळाही जातात. इंग्रजीचे काही बिघडत नाही. कंस काय, क्वचित लागतो. मराठीचा मात्र ड जातो, ढ जातो, ऋकार जातो, विसर्ग जातो, ‘डॉक्टर’मधला ॉ जातो. अशा फळ्यावर पोलादपूर सरळ लिहिता येते. महाड येत नाही. रायगड येत नाही, प्रतापगड येत नाही, सह्याद्रीतले झाडून सारे गड येत नाहीत. कृष्ण येत नाही, दुःखही येत नाही. कोणी म्हणेल, ‘एफएन’ दाबून सगळे येते. येते हो. पण कोणती कळ ‘क्वचित लागणारी’ हे कोणाच्या भाषेवरून ठरले, एवढे तरी ध्यानात घ्यावे. ह्या फळ्यांची परीक्षणे खटक्याच्या आवाजाबद्दल अर्धा अर्धा तास बोलतात. ड चे काय, हा प्रश्न त्यांत येत नाही. येणार कसा? विचारणारा गिऱ्हाईकच नाही.

आता ‘आपोआप’कडे वळू. रोमनमधून मराठी लिहिण्याची सोय बरहा, गमभन वगैरेंनी दिली तेव्हा तिने मोठे काम केले हे मी नाकारत नाही. आंतरजालावर मराठी लिहिते झाले ते बव्हंशी त्यामुळेच. त्या काळच्या पद्धतीत निदान लिहिणाऱ्याला ण साठी मोठा ‘एन’ आणि ळ साठी मोठा ‘एल’ द्यावा लागे; म्हणजे ण आणि न वेगळे आहेत ह्याची जाण बोटांना राही. पुढची साधने अधिक हुशार झाली. ती तुमच्या मोडक्या रोमनवरून शब्द ओळखतात आणि सर्वांत प्रचलित रूप समोर ठेवतात. इथे सोय संपते आणि संपादन सुरू होते.

माझ्या ह्याच विद्यार्थ्याच्या कथेतली एक म्हातारी पोलादपूरकडच्या वाडीतली आहे. ती ‘पानी’ म्हणते. ‘पाणी’ म्हणत नाही. त्याने आणलेल्या मुद्रितात ती तीन ठिकाणी ‘पाणी’ म्हणत होती आणि दोन ठिकाणी ‘पानी’. मी विचारले, हे असे का? त्याला माहीतच नव्हते. त्याने पाचही वेळा एकच रोमन अक्षरे मारली होती. तीन वेळा यंत्रणेने म्हातारीला शुद्ध करून घेतले होते आणि दोन वेळा त्याच्या लक्षात आल्याने त्याने मागे फिरून दुरुस्ती केली होती. हे उदाहरण मला क्षुल्लक वाटत नाही. न आणि ण ह्यांवरून ह्या महाराष्ट्रात माणसाची जात विचारली गेली आहे. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या महाडचा लेखक आपल्या पात्राला ‘पानी’ म्हणू देताना यंत्राशी झगडतो आणि बहुतेकदा झगडण्याची गरज आहे हेही त्याला कळत नाही. दया पवारांच्या आत्मकथनाचे १९७८ सालचे नाव ‘बलुतं’ आहे, ‘बलुते’ नव्हे; त्या शेवटच्या अनुस्वारात एक सबंध बाजू घेतलेली आहे. बोलीतला शब्द लिहिण्याचा हक्क ग्रामीण आणि दलित साहित्याने शुद्धलेखनवाद्यांशी भांडून मिळवला. तो आपण सुचवणीच्या पट्टीला बिनबोभाट परत करत आहोत. इन्स्क्रिप्टमध्ये न ची कळ न च देते. ण हवा तर ण ची कळ. शुद्ध काय, अशुद्ध काय, ती विचारत नाही. लिहिणाऱ्याने दाबले ते उमटते. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ ह्यांतला तो आडवा र आहे ना, ज्याशिवाय आमच्या आंबेनळीच्या आणि कशेडीच्या घाटाचे वर्णनच करता येत नाही, त्यालाही इथे स्वतःची जागा आहे: शिफ्ट आणि र, मग हलन्त, मग य.

आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, रोमनमधून लिहिणे सोपे, शिकावे लागत नाही. शिकावे लागत नाही, कारण ते आधीच शिकून झालेले असते. ते शिकणे म्हणजे इंग्रजी. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ही वाट फुकट पडते. पोलादपूरच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेल्या मुलीला मात्र स्वतःच्या भाषेत लिहिण्यासाठी प्रथम दुसऱ्या भाषेच्या स्पेलिंगचा टोल भरावा लागतो. महाडहून पोलादपूरला जायचे आणि वाट मुंबईवरून, असा हा प्रकार. दुसरा आक्षेप, आता बोलून लिहिता येते, कळफलकच कालबाह्य होणार. बोलून लिहिणारी यंत्रणाही त्याच प्रमाणभाषेवर पोसलेली आहे. त्या म्हातारीचे ती काय करील ते करून पाहावे. शिवाय साहित्य म्हणजे बोललेले उतरवणे नव्हे, हे निदान ह्या पानांच्या वाचकांना सांगण्याची गरज नसावी. तिसरा आक्षेप वयाचा आहे: आता ह्या वयात कुठे शिकू? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः पंचेचाळिशीत शिकलो आणि तीन आठवडे चिडचिडा होतो, इतकेच सांगतो.

ह्या छोट्या कळफलकांचा एक गुण मात्र मला मनापासून आवडला आणि तो त्यांच्या उणिवेत आहे. त्यांना अंकपट्टी नाही. आपल्याकडची अक्षरजुळणीची दुकाने अजून जुन्या, युनिकोडपूर्व टंकांवर चालतात. त्या टंकांत मराठी अक्षर म्हणजे रोमन अक्षराला चढवलेले सोंग असते. जी जोडाक्षरे कळांवर मावत नाहीत ती आल्ट दाबून अंकपट्टीवर चार आकडी संकेत मारून आणायची. जुन्या कसबी माणसांना असे डझनावारी संकेत तोंडपाठ असतात. त्यांच्या कसबाला मी मान देतो. पण त्याचे फळ काय? २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडातले किती कागद गेले ह्याची मोजदाद कोण करणार. एका जुन्या स्थानिक स्मरणिकेची छापील प्रत चिखलात गेली आणि पेनड्राईव्हवरची प्रत वाचली, म्हणून आम्ही काही जण हरखलो होतो. ती उघडली तर पानभर रोमन अक्षरे, कंस आणि डॉलर. ती कोणत्या टंकात जुळवली होती हे सांगणारा माणूस व्यवसाय सोडून गेलेला. मजकूर होता आणि नव्हता. शोधता येत नाही, वाचता येत नाही, परिवर्तकातून काढला तर जोडाक्षरे फुटलेली. अंकपट्टी नसलेल्या फळ्यावर हा उद्योग मुळात करताच येत नाही, ह्याबद्दल मी त्या फळ्याच्या कर्त्यांचे आभार मानतो, जरी त्यांच्या मनात असे काही नसले तरी.

बाणांच्या कळा काढल्या हे मात्र चुकले. मुद्रिते तपासणाऱ्याला त्या पदोपदी लागतात. देवनागरीत तर अधिकच, कारण बॅकस्पेस एकेक चिन्ह मागे खोडत जाते आणि डिलीट बहुतेक ठिकाणी अख्खे जोडाक्षर गिळते, म्हणून खूण नेमकी कुठे उभी आहे ह्याला महत्त्व येते. मराठी लिहिणाऱ्याने घ्यायचाच असेल तर पासष्ट टक्क्यांचा घ्यावा, त्यात बाण असतात. आणि फोनला जोडायचा विचार असेल, तर बाहेरच्या कळफलकासाठी आपला फोन मराठी मांडणी देतो की नाही हे आधी पाहावे. आमच्याकडच्या वाड्यांतून येणाऱ्या किती मुलांकडे संगणक नाही पण फोन आहे. एक स्वस्त बिनतारी फळा आणि फोन एवढ्यावर त्यांचा प्रबंध लिहून होऊ शकतो.

शासनाला हे काही प्रमाणात उमगले असावे. ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयात सरकारी कार्यालयांतल्या संगणकांच्या कळफलकांवर रोमनबरोबर देवनागरी अक्षरेही असावीत असे म्हटले आहे. त्यावर आपल्या साहित्यिक वर्तुळात विनोद झाले. आदल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा झालेल्या भाषणांच्या मानाने ही बाब फारच किरकोळ वाटली असणार. मला ती त्या भाषणांपेक्षा महत्त्वाची वाटते, पण अपुरी. टोपीवर इन्स्क्रिप्टची अक्षरे छापायची, परीक्षा रेमिंग्टन वळणाची पास करून यायचे आणि टेबलावर बसल्यावर रोमनमधून लिहायचे, अशी तीन राज्ये एकाच खुर्चीत नांदणार असतील तर छापलेली अक्षरे त्या जपानी कानांइतकीच शोभेची ठरतील. आणि कारकुनाला दोष देण्याआधी आपण आपल्या घरात पाहावे. उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकांत जाहिरातलेखन असते, मुद्रितशोधन असते, सूत्रसंचालनसुद्धा असते. मराठी अक्षर यंत्रावर कसे उमटवावे, हा पाठ मला कुठल्या पत्रिकेत दिसलेला नाही. विद्यार्थी प्रबंध दुकानात देतो, दुकानदार जुन्या टंकात जुळवतो, मार्गदर्शक कागदावर सही करतो. ह्या साखळीत आपण सगळे आहोत, मीही अनेक वर्षे होतो.

त्या विद्यार्थ्याला मी टोप्या बदल म्हटले नाही. देवनागरीच्या टोप्या शोधत बसण्याऐवजी त्याने सगळ्याच कोऱ्या लावाव्यात असे सुचवले. अक्षरे न पाहता लिहायचे असेल तर टोपीवर काय आहे ह्याला अर्थ राहत नाही. तो काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी त्याचे एक पान मला आले. चुका पुष्कळ होत्या. काने सुटलेले, दोन ठिकाणी शिफ्ट राहून गेल्याने ‘थोडे’चे ‘तोडे’ झालेले. वेग विचाराल तर मिनिटाला आठ-दहा शब्दांच्या पुढे नसावा. म्हातारी मात्र पानभर ‘पानी’ म्हणत होती.